तक्रारीची प्रसिद्धी आणि शिक्षेची भाषा : इंग्लंडमधील नगरसेवकांच्या गैरवर्तनाच्या प्रकरणांवरून

स्थानिक स्वराज्य संस्थेत निवडून आलेल्या सदस्याविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार दाखल झाली म्हणजे तिचे दोन प्रवास एकाच वेळी सुरू होतात. पहिला प्रवास कार्यालयातून होतो. नोंद, छाननी, चौकशी, अहवाल, सुनावणी आणि निर्णय हे त्याचे टप्पे ठरलेले असतात व प्रत्येक टप्प्याला काही नियम असतो. दुसरा प्रवास गावातून होतो. तो वर्तमानपत्रातून, सभागृहाच्या सज्जातून, चहाच्या दुकानातून आणि अलीकडे हातातल्या दूरध्वनीवरून होतो. त्याला टप्पे नसतात आणि त्याचा शेवट कोठे होतो हेही सांगता येत नाही. प्रशासनविषयक ग्रंथांत पहिल्या प्रवासाचे विवेचन पुष्कळ आढळते. दुसरा मात्र आनुषंगिक मानला जातो; निर्णय महत्त्वाचा, त्याची प्रसिद्धी ही केवळ पुढची व्यवस्था, अशी सामान्य समजूत असते.

ही समजूत सर्वत्र खरी नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. काही विधिव्यवस्थांत प्रसिद्धी ही शिक्षेच्या मागून येणारी गोष्ट राहिलेली नसून तीच शिक्षा होऊन बसली आहे. आणि जेथे प्रसिद्धी हीच शिक्षा असते, तेथे जाहीर निवेदनातील शब्द हेच शिक्षेचे माप ठरतात. अशा ठिकाणी शब्दयोजनेचा प्रश्न शैलीचा न राहता न्यायाचा होतो. ह्या विवेचनासाठी इंग्लंडचे उदाहरण घेतले आहे. कारण तेथे अवघ्या ११ वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन कायद्यांनी एकाच प्रश्नाची जवळजवळ परस्परविरुद्ध उत्तरे दिली.

१. दंडाकडून आचारसंहितेकडे

इंग्लंडमध्ये नगरसेवकाच्या दुराचारावरील जुना उपाय मुख्यतः पैशाच्या भाषेत बोलत असे. परिषदेचा पैसा बेकायदा खर्च झाला किंवा सदस्याच्या हेतुपुरस्सर गैरवर्तनामुळे तिचे नुकसान झाले, तर लेखापरीक्षक ती रक्कम सदस्याकडून वैयक्तिक रीत्या वसूल करवू शकत असे. लाचलुचपतीसाठी फौजदारी कायदा होताच. १९७४ साली न्यूकॅसलचे माजी नगरनेते टी. डॅन स्मिथ ह्यांना पोल्सन प्रकरणात कारावासाची शिक्षा झाली आणि स्थानिक राजकारणातील शुचितेचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेचा विषय बनला. पुढच्याच वर्षी नगरसेवकांसाठी एक राष्ट्रीय आचारसंहिता निघाली. तथापि तिच्या भंगाची दखल घेणारी स्वतंत्र यंत्रणा तेव्हा निर्माण झाली नाही.

१९९४ साली पंतप्रधान जॉन मेजर ह्यांनी सार्वजनिक जीवनातील आचरणाचा विचार करण्यासाठी लॉर्ड नोलन ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या १९९५च्या पहिल्या अहवालात निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व ही सात तत्त्वे सांगितली होती. १९९७ साली समितीने स्थानिक शासनावर स्वतंत्र अहवाल दिला. त्यानंतर झालेल्या २०००च्या स्थानिक शासन कायद्याने प्रत्येक परिषदेला आचारसंहिता बंधनकारक केली, आचारविषयक समित्या स्थापन करविल्या, आणि तक्रारी घेण्यासाठी ‘स्टँडर्ड्‌स बोर्ड फॉर इंग्लंड’ हे मंडळ निर्माण केले. गंभीर प्रकरणे एका न्यायिक मंडळापुढे जात. सदस्याला एक वर्षापर्यंत निलंबित करण्याचा आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरविण्याचा अधिकार त्या मंडळाला होता.

ह्या व्यवस्थेत प्रसिद्धीचे स्थान नियमांनी बांधलेले होते. स्थानिक समितीच्या निर्णयाचा सारांश त्या भागातील वर्तमानपत्रात प्रसिद्ध करावयाचा असे. परंतु आचारसंहितेचा भंग झालेला नाही असा निर्णय झाल्यास आणि सदस्याने तशी इच्छा दर्शविल्यास ही प्रसिद्धी टाळली जाई. ह्या लहानशा तरतुदीमागील विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. निर्दोष ठरलेल्या माणसाला आपल्या निर्दोषत्वाची दवंडी पिटवून घ्यावयाची की नाही, हे त्याचे त्यानेच ठरवावे. कारण ‘अमुक मनुष्य निर्दोष ठरला’ ह्या वाक्यातही त्याच्यावर दोषारोप झाला होता ही बातमी असतेच.

व्यवस्थेवर टीका लवकरच सुरू झाली. प्रारंभी देशभरातील सर्व तक्रारी एकाच मंडळाकडे जात असल्यामुळे विलंब होई. म्हणून २००८ सालापासून पहिली छाननी स्थानिक समित्यांकडे सोपविण्यात आली. परंतु क्षुल्लक व सूडबुद्धीच्या तक्रारींना ही यंत्रणा वाव देते, हा आक्षेप टिकून राहिला आणि २०१० साली सत्तेवर आलेल्या संयुक्त सरकारने ती मोडून टाकण्याचे ठरविले.

२. २०११चा कायदा : शिक्षा गेली, शब्द उरले

२०११च्या लोकॅलिझम कायद्याने मंडळ रद्द झाले. २०१२च्या जुलैपासून नवी व्यवस्था लागू झाली. तिची रचना थोडक्यात अशी. प्रत्येक परिषदेने नोलन तत्त्वांशी सुसंगत अशी आपली आचारसंहिता करावी. तक्रारींची चौकशी व निर्णय ह्यांसाठी स्वतःची पद्धत ठरवावी. आणि चौकशी झालेल्या तक्रारीवर निर्णय देण्यापूर्वी परिषदेबाहेरच्या एका ‘स्वतंत्र व्यक्ती’चे मत घेऊन ते विचारात घ्यावे. व्यवहारात हे काम परिषदेचा ‘मॉनिटरिंग ऑफिसर’ पाहतो. हे पद १९८९च्या कायद्याने निर्माण झालेले आहे. गावपातळीवरील पॅरिश परिषदांच्या सदस्यांविरुद्धच्या तक्रारीही वरच्या परिषदेकडेच जातात. आर्थिक हितसंबंध दडविणे हा मात्र फौजदारी गुन्हा ठरविण्यात आला.

निलंबनाचा आणि अपात्रतेचा अधिकार ह्या कायद्याने परिषदांना दिला नाही. भंग झाला असे ठरल्यास काय करावे हे परिषदेने ठरवावे, इतकेच तो सांगतो. परिणामी परिषदांच्या हाती पुढील उपाय राहिले: औपचारिक ठपका ठेवणे, निष्कर्ष जाहीर करणे, सदस्याला समितीवरून काढावे अशी शिफारस त्याच्या पक्षाच्या गटनेत्याला करणे, प्रशिक्षणास किंवा क्षमायाचनेस सुचविणे, आणि कार्यालयीन सोयी मर्यादित करणे. ह्या मर्यादेच्या बाहेर जाऊन शिक्षा करण्याचा प्रयत्नही न्यायालयाने मान्य केला नाही. लेडबरी येथील नगरपरिषदेने आपल्या एका सदस्येवर कर्मचाऱ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी असलेल्या पद्धतीचा अवलंब करून निर्बंध लादले, तेव्हा अशी कारवाई आचारसंहितेच्या वैधानिक मार्गानेच झाली पाहिजे, असा निर्णय उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला.

वरील यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. क्षमायाचना सदस्याने स्वतः करावयाची असते. समितीवरून काढणे पक्षाच्या इच्छेवर अवलंबून असते आणि अपक्ष सदस्याच्या बाबतीत तर त्याला फारसा अर्थच उरत नाही. परिषदेला दुसऱ्या कोणाच्या संमतीवाचून खात्रीने करता येतील अशा मुख्य गोष्टी दोनच: ठपका ठेवणे आणि तो जाहीर करणे. ह्यांपैकी ठपका बंद खोलीत ठेवला तर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. तेव्हा ह्या व्यवस्थेत शिक्षेचा सगळा भार प्रसिद्धीवर येऊन पडतो.

ह्यामागे एक राजकीय सिद्धान्त आहे व तो अगदीच टाकाऊ नाही. निवडून आलेल्या माणसाचा न्याय मतदारांनी करावा, अधिकाऱ्यांनी नव्हे, असे तो सांगतो. परंतु मतपेटीला न्यायासन मानले तर प्रसिद्धी हा त्या न्यायासनापुढील पुरावा होय. आणि पुरावा कसा मांडावा ह्याचे नियम प्रत्येक न्यायपद्धतीत असतात. २०११चा कायदा ह्या ठिकाणी मौन बाळगतो. आचारसंहिता स्वीकारल्याची वा बदलल्याची गोष्ट रहिवाशांच्या कानी जाईल अशा रीतीने जाहीर करणे त्याने परिषदांवर बंधनकारक केले आहे. भंगाचा निष्कर्ष मात्र कोणत्या शब्दांत, कोठे व किती काळ जाहीर ठेवावा ह्याविषयी त्याने काहीच सांगितलेले नाही. नियम प्रसिद्ध करण्याचा नियम आहे. नियमभंग प्रसिद्ध करण्याचा नाही.

ही उणीव तेथील विचारवंतांच्याही लक्षात आली. नोलन ह्यांनी प्रथम ज्या समितीचे अध्यक्षपद भूषविले, तिनेच २०१९च्या जानेवारीत स्थानिक शासनातील आचरणावर नवा अहवाल दिला. सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार परिषदांना द्यावा, ही त्यातील एक शिफारस होती. दुसरी अधिक सूक्ष्म होती. वर्षभरात आलेल्या तक्रारींची संख्या, त्यांचे स्थूल विषय, त्यांचा निकाल आणि झालेली कारवाई प्रत्येक परिषदेने दरवर्षी प्रसिद्ध करावी. क्षुल्लक वा त्रासदायक म्हणून फेटाळलेल्या तक्रारीही त्यात धराव्यात, असे समितीने म्हटले. एका माणसाची बेअब्रू करणारी प्रसिद्धी आणि व्यवस्थेचा हिशेब देणारी प्रसिद्धी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद ह्या शिफारशीत अंतर्भूत आहे. २०२२च्या मार्चमध्ये तत्कालीन सरकारने समितीच्या बहुतेक महत्त्वाच्या शिफारशी स्वीकारल्या नाहीत. पुढे २०२४च्या डिसेंबरात नव्या सरकारने निलंबनाच्या अधिकारासह सर्व विषय पुन्हा जाहीर सल्लामसलतीसाठी मांडला. शिक्षा शब्दांवर सोडून भागत नाही, ह्या अनुभवाची ती एका अर्थी कबुलीच होती.

३. केव्हा बोलावे

प्रसिद्धीच्या बाबतीत पहिला प्रश्न वेळेचा. ह्या दृष्टीने लंडनमधील वेस्टमिन्स्टर परिषदेचे प्रकरण उद्बोधक आहे. परिषदेच्या मालकीची घरे अटीतटीच्या प्रभागांत विकून आपल्याला अनुकूल मतदार तेथे आणण्याचे धोरण सत्ताधारी पक्षाच्या नेत्या शर्ली पोर्टर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी राबविले, असा तो आरोप होता. लेखापरीक्षक जॉन मॅगिल ह्यांनी १९९४च्या जानेवारीत आपले तात्पुरते निष्कर्ष पत्रकार परिषद भरवून जाहीर केले. ते तात्पुरते आहेत असे त्यांनी म्हटले होते. परंतु दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या माणसाच्या तोंडचा ‘तात्पुरता’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात फार वेळ राहत नाही.

प्रकरण शेवटी हाउस ऑफ लॉर्ड्‌सपुढे गेले. २००१च्या डिसेंबरात दिलेल्या निर्णयात गैरवर्तनाचा निष्कर्ष कायम झाला आणि अडीच कोटी पौंडांहून अधिक रकमेची जबाबदारी पुन्हा लादली गेली. परंतु त्याच निर्णयात लॉर्ड होप ह्यांनी मॅगिल ह्यांच्या पत्रकार परिषदेवर कठोर टीका केली. अशा रीतीने बोलणे ही विवेकाची चूक होती. मात्र सर्व वस्तुस्थिती जाणणाऱ्या निःपक्षपाती निरीक्षकाला त्यावरून पूर्वग्रहाची खरी शक्यता दिसली नसती, असे त्यांचे म्हणणे. निष्कर्ष बरोबर असूनही त्याची घोषणा चुकीची असू शकते, ही गोष्ट ह्या निर्णयाने स्पष्ट केली. पुढे इंग्लिश कायद्यात पूर्वग्रहाची जी कसोटी रूढ झाली, ती ह्याच प्रकरणातली.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण वेस्ट मिडलंड्‌समधील सँडवेल परिषदेचे. तेथे परिषदेच्या मालमत्तेच्या विक्रीसंबंधी एका ज्येष्ठ सदस्याविरुद्ध आरोप होते. परिषदेने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करविली आणि औपचारिक आचारसंहिता-प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच, २०१६ साली, तो अहवाल व त्यावरील विधिज्ञांचे मत प्रसिद्ध केले. सदस्याने त्याविरुद्ध दाद मागितली. परंतु २०१७ साली उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि चौकशी करणे व अहवाल प्रसिद्ध करणे हे दोन्ही परिषदेच्या अधिकारात बसते असे ठरविले. आरोपांची चर्चा सर्वत्र चालू असताना परिषदेनेच मौन धरले तर प्रकरण दडपले जात असल्याचा समज बळावतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची होती.

दोन प्रकरणांतील भेद काय? वेळेच्या दृष्टीने दोन्ही घोषणा अंतिम निर्णयापूर्वीच्याच. परंतु मॅगिल स्वतः निर्णय देणारे होते आणि त्यांनी आपले अपुरे मत कॅमेऱ्यापुढे मांडले. सँडवेलमध्ये संस्थेने लेखी दस्तऐवज लोकांपुढे ठेवला. दस्तऐवज वाचता येतो, त्यातील मर्यादा तपासता येतात, त्याला लेखी उत्तर देता येते. बोललेल्या मतातील मर्यादा बातमी होता होता गळून जातात.

संस्थेने मौन धरले म्हणजे लोकही गप्प राहतात, असे नाही. चेशायरमधील हँडफर्थ पॅरिश परिषदेची डिसेंबर २०२०मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमातून झालेली सभा ह्याचा पुरावा आहे. सदस्यांच्या आरडाओरड्याचे ते चित्रण २०२१च्या फेब्रुवारीत जगभर पाहिले गेले. अधिकृत चौकशीचा निष्कर्ष बाहेर येण्याच्या कितीतरी आधी लाखो लोकांनी आपला निकाल देऊन टाकला होता. सभा लोकांना खुल्या असाव्यात, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १९६०च्या कायद्यापासून मान्य आहे. (तो कायदा मार्गारेट थॅचर ह्यांनी खासगी विधेयक म्हणून मांडला होता.) परंतु खुल्या सभेत प्रत्यक्ष बसणारे वीस-पंचवीस श्रोते आणि चित्रणाचे लाखो प्रेक्षक ह्यांत केवळ संख्येचे अंतर नाही. प्रत्यक्ष श्रोत्यांना भांडणाचा मागचा इतिहास ठाऊक असतो. प्रेक्षकांना केवळ तो प्रसंग दिसतो.

४. बोलणे हेच गैरवर्तन असते तेव्हा

पुष्कळ तक्रारी पैशाच्या नसून बोलण्याच्या असतात: अपमान, धमकी, उपहास, कर्मचाऱ्यांशी उद्धट भाषा. येथे पुरावा आणि अपराध एकच असतो, तो म्हणजे उच्चारलेले वाक्य.

लंडनचे महापौर केन लिव्हिंग्स्टन ह्यांनी २००५ साली एका ज्यू पत्रकाराची तुलना छळछावणीच्या पहारेकऱ्याशी केली. ते नगरसेवक नव्हते, परंतु २०००च्या कायद्याची आचारसंहिता त्यांनाही लागू होती. न्यायिक मंडळाने २००६च्या फेब्रुवारीत त्यांना चार आठवड्यांसाठी निलंबित केले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. महापौर त्या वेळी पदाचे काम करीत नव्हते, आणि माणसाची अप्रतिष्ठा व पदाची अप्रतिष्ठा ह्या निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे. वेल्समधील मॅनोर्बिअर येथील एका सदस्याने आपल्या परिषदेविषयी उपहासपर टिपणे प्रसिद्ध केली होती. आदर न राखल्याबद्दल त्याच्यावर ठेवलेला ठपका न्यायालयाने २०१२ साली टिकू दिला नाही, कारण ती मुख्यतः राजकीय टीका होती. फ्लिंटशायरच्या २०१४च्या प्रकरणात मात्र अधिकाऱ्यांशी केलेल्या वर्तनाबद्दलची अपात्रता कायम झाली. फक्त तिची मुदत अडीच वर्षांवरून दीड वर्षावर आली. राजकीय विरोधकाने टीका सोसली पाहिजे. उत्तर देण्याची मुभा नसलेल्या कर्मचाऱ्याला मात्र संरक्षण पाहिजे, असा विवेक ह्या निर्णयांतून दिसतो.

प्रसिद्धीच्या दृष्टीने ह्यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. ‘सदस्याने अनादर दर्शविला’ हे वाक्य वस्तुस्थितीचे वर्णन नाही. तो न्यायकर्त्याचा अभिप्राय आहे. निवेदनात हा अभिप्रायच दिला आणि मूळ वाक्य गाळले, तर मतदाराला न्याय करण्यासाठी काही उरत नाही. दुसऱ्याने केलेला न्याय त्याला विश्वासावर घ्यावा लागतो. ज्या व्यवस्थेचा आधारच मतदाराची न्यायबुद्धी आहे, तिने मतदारापासून मूळ वाक्य लपविणे हा अंतर्विरोध होय. तिसऱ्या व्यक्तीची ओळख उघड होत असेल तेथेच त्याला अपवाद करावा.

५. मराठी वाक्यातील दोषारोप

इंग्लंडच्या अनुभवातून निघणारा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. महाराष्ट्रातील नगरपरिषदांसाठी असलेल्या १९६५च्या अधिनियमाच्या कलम ४२नुसार कर्तव्य बजावताना केलेल्या गैरवर्तनाबद्दल किंवा लाजिरवाण्या वर्तनाबद्दल राज्य शासन सदस्याला पदावरून दूर करू शकते; मात्र स्पष्टीकरण देण्याची वाजवी संधी त्याला दिली पाहिजे. म्हणजे येथे शिक्षा प्रत्यक्ष आहे; ती प्रसिद्धीवर अवलंबून नाही. तरीही उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षाच्या प्रकरणात २०१२ साली निर्णय देताना, निवडून आलेल्या माणसाला दूर केल्याने त्याच्यावर कलंक येतो ह्या गोष्टीला सर्वोच्च न्यायालयाने महत्त्व दिले आणि कार्यपद्धतीच्या काटेकोर पालनाची अपेक्षा केली. कलंक हा कायद्याच्या कलमात लिहिलेला नसतो. तो भाषेतून येतो. म्हणून मराठीत दोषारोप कसा व्यक्त होतो हे पाहणे उचित ठरेल.

‘तक्रार’ ह्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ पुनरुक्ती. ‘फिर्याद’ म्हणजे मूळ फारसीत मदतीसाठी फोडलेली आरोळी. दोन्ही शब्दांत सांगणाऱ्याची क्रिया आहे, सांगितलेल्या गोष्टीच्या खरेपणाची ग्वाही नाही. शब्द अशा रीतीने तटस्थ आहेत. प्रश्न वाक्यरचनेचा आहे. पुढील चार वाक्यखंड पाहावेत:

(अ) ठेका देण्यात हस्तक्षेप केल्याची तक्रार
(आ) ठेका देण्यात हस्तक्षेप केल्याचा आरोप
(इ) ठेका देण्यात हस्तक्षेप केल्याचा निष्कर्ष
(ई) ठेका देण्यात हस्तक्षेप केल्याबद्दल ठपका

पहिल्या तिन्हींत आरंभीचा भाग अक्षरशः एकच आहे. विधान कोणत्या दर्जाचे आहे हे केवळ शेवटच्या नामावरून कळते; ‘केल्याची’, ‘केल्याचा’ ही रूपेही त्या नामाच्या लिंगानुसार बदलतात, सत्यतेनुसार नव्हे. मराठीत मुख्य पद शेवटी येत असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात कृत्य आधी उभे राहते आणि त्याविषयीची सावधगिरी मागून येते. मथळा लहान करताना किंवा बातमी तोंडी सांगताना हे शेवटचे पदच प्रथम गळते वा बदलते.

‘केल्याबद्दल’ ह्या रूपाचा स्वभाव आणखी वेगळा आहे. त्यात कृत्य घडले असे गृहीत धरलेले असते. म्हणून ‘बक्षीस मिळविल्याबद्दल अभिनंदन’ असे म्हणता येते, पण बक्षीस मिळाले नसेल तर ते वाक्य निरर्थक होते. ठपका हा निष्कर्षानंतर येतो, तेव्हा (ई) हे वाक्य योग्यच आहे. परंतु ‘हस्तक्षेप केल्याबद्दल चौकशी सुरू’ असे लिहिले म्हणजे चौकशीपूर्वीच तिचा निकाल लागतो. ‘हस्तक्षेप केल्याच्या तक्रारीची चौकशी’ हे वाक्य एका शब्दाने लांब असले तरी न्याय्य आहे. सरकारी पत्रव्यवहारात आणि वर्तमानपत्रांत हा भेद सर्रास पुसला जातो.

निर्दोष ठरलेल्याची अवस्था तर अधिकच बिकट. ‘निर्दोष सुटका झाली’ ह्यातील ‘सुटका’ हा शब्द मनुष्य अडकला होता, असे सुचवितो. ‘क्लीन चिट दिली’ ह्या रूढ शब्दप्रयोगात देणाऱ्याची मर्जी डोकावते आणि बरेचदा उपहासही. ‘पुढील कारवाई नाही’ हा शेरा तर निर्दोषत्व, पुराव्याचा अभाव, तक्रारीची क्षुल्लकता आणि सदस्याचा राजीनामा ह्या चार निरनिराळ्या गोष्टींना सारखाच लागू पडतो. ‘आचारसंहितेचा भंग झाला नाही असा निर्णय झाला’ असे सरळ वाक्य मराठीत सुलभ असूनही क्वचितच वापरले जाते.

६. समारोप

प्रसिद्धी नको, असा ह्या विवेचनाचा अर्थ नाही. तक्रारी गुप्त ठेवल्याने सदस्याची अब्रू वाचते हा भ्रम आहे. गुप्ततेत अफवा वाढतात आणि तक्रार करणारा कर्मचारी किंवा नागरिक एकटा पडतो. उलट, नुसत्या आरोपाची दवंडी पिटणे हे निवडणुकीच्या तोंडावर हातात घेण्याजोगे सोपे शस्त्र आहे. ह्या दोहोंच्या मधला मार्ग कमीअधिक बोलण्याचा नसून टप्प्याटप्प्याने नेमके बोलण्याचा आहे.

वरील विवेचनावरून त्याची काही सूत्रे सांगता येतात. छाननीच्या टप्प्यावर संस्थेने नावाऐवजी संख्या आणि विषय जाहीर करावेत. आरोप आधीच सार्वजनिक झालेला असेल तर मतप्रदर्शन न करता लेखी दस्तऐवज व तो कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगावे. निर्णय देणाऱ्याने निर्णयापूर्वी बोलू नये. निष्कर्ष जाहीर करताना कृत्य, त्याला लागू पडणारा नियम आणि झालेली कारवाई ही तीन स्वतंत्र वाक्यांत मांडावीत, म्हणजे एकाचा भार दुसऱ्यावर पडणार नाही. आक्षेप बोलण्यावर असेल तर मूळ बोल उद्धृत करावे. आणि तक्रार फेटाळली गेल्यास ती का फेटाळली हे सांगावे. मात्र नावासह प्रसिद्धी हवी की नको ह्याचा निर्णय, इंग्लंडच्या जुन्या नियमाप्रमाणे, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्यावर सोपवावा.

दंडाची रक्कम ठरविताना न्यायाधीश आकडे जपून लिहितो, कारण एक शून्य अधिक पडले तर दंड दहापट होतो. प्रसिद्धी हीच जेथे शिक्षा असते तेथे ‘तक्रार’, ‘आरोप’, ‘निष्कर्ष’ आणि ‘ठपका’ ह्या शब्दांचे मोल त्या आकड्यांइतकेच असते. निवेदन लिहिणारा कारकून असो, अधिकारी असो की वार्ताहर असो, ह्या चार शब्दांतील अंतर राखण्याची जबाबदारी त्याची आहे.